गोवरची लस लवकर मिळेल का? तातडीने सांगा

ओवीची_आई
काल दवाखान्यात गेले तर "अजून वेळ आहे, नंतर या" म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं. वेळ आहे कुठे? लस आत्ता घेता येते की नाही, एवढंच सांगा. खासगीत मिळते का? आणि "गूगल करा" म्हणू नका, रात्रभर तेच करतेय.

निवांत_पोपट
मूल केवढं? आधी काही डोस झालेत का? गाव कुठलं? इथे कुणी ज्योतिषी बसलेलं नाही.

सुधाआज्जी
गोवर आला असेल तर घरात फोडणी घालू नका हो. दाराला कडुलिंबाची डहाळी लावा आणि सगळा अंगावर फुटू द्या, आत राहायला नको. आमच्या चौघांनाही असंच केलं.

ओवीची_आई
आज्जी, आलेला नाही! येऊ नये म्हणून विचारतेय. मुलगी सव्वासात महिन्यांची. भिवंडी.

बापमाणूस
मग दवाखान्यातले बरोबरच बोलले की. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. सोबत 'अ' जीवनसत्त्वाचं औषध. उगाच घाई कशाला?

खारीबटर
सरकारीत एमआर, खासगीत एमएमआर, त्यात गालगुंडांचीही असते. आम्ही खासगीतच दिली. गर्दी नाही, एसी आहे.

बापमाणूस
एसीने प्रतिकारशक्ती वाढते वाटतं! सरकारी लस फुकट आहे म्हणून हलकी नसते.

ओवीची_आई
अहो भांडू नका. घाई यासाठी, की समोरच्या खोलीतल्या मुलाला काल सकाळी पुरळ आलं. आधी चार दिवस ताप, खोकला, डोळे लालभडक. पुरळ कानामागून सुरू होऊन आता पोटापर्यंत आलंय. परवा संध्याकाळी ओवी त्याच्या मांडीवर तासभर खेळत होती.

निवांत_पोपट
हे आधी लिहायचं ना! अख्खा धागाच बदलला.

चौकातली_नर्स
मी उपकेंद्रात काम करते. नीट वाचा.

तुम्ही सांगताय ती लक्षणं गोवरसारखीच आहेत, नक्की काय ते तपासणीत कळेल. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला लागण देतं, म्हणजे परवाचा संपर्क धरायचाच. संपर्कानंतर 72 तासांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. 6 महिन्यांवरच्या बाळाला अशा वेळी डोस देता येतो, बालरोगतज्ज्ञही देतात, पण बाळ तपासून त्यांनी ठरवायचं. खिडकीवर हुज्जत घालू नका, थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. "लस द्या" एवढंच म्हटलं तर ते वय बघून परत पाठवणारच. "शेजारी ताप-पुरळाचा रुग्ण आहे" असं पहिल्या वाक्यात सांगा.

2022 मध्ये गोवंडीत साथ आली तेव्हाही 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना असा जादा डोस द्यायला सांगितलं होतं. त्याला शून्य मात्रा म्हणतात, कारण ती हिशेबात धरत नाहीत. आईकडून आलेली प्रतिपिंडं (आजाराशी लढणारी प्रथिनं) या वयात अजून असतात, त्यामुळे लस पुरती लागू होईलच असं नाही. 9 महिन्यांचा आणि दीड वर्षाचा डोस घ्यायचाच. समोरच्या मुलाचीही नोंद झाली पाहिजे. आशाताईंना कळवा, त्याच्या रक्ताचा नमुना घेतात.

ओवीला आत्ता ताप आहे का? ते लिहिलं नाहीत.

ओवीची_आई
ताप नाही, थोडी सर्दी आहे.

चौकातली_नर्स
साध्या सर्दीसाठी लस अडत नाही. निघा.

रोखठोक_राव
आम्हा सगळ्यांना लहानपणी गोवर झाला, काही झालं का? उगाच सुयांचा धंदा.

निवांत_पोपट
राव, जे गेले ते इथे येऊन लिहिणार आहेत का? वर गोवर जुन्या आजारांविरुद्धची शरीराची आठवणही पुसतो. म्हणून गोवर बरा झाल्यावर न्यूमोनिया गाठतो.

टोरांटोचा_बंड्या
इकडची गंमत ऐका. कॅनडाने गोवर हटवलेला देश म्हणून मिरवलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तो दर्जा गमावला. एकाच साखळीतली लागण वर्षभराहून जास्त चालली की दर्जा जातो. माझ्या मुलीच्या पाळणाघरात आता लसीची कार्डं मागून घेतात.

बापमाणूस
आणि आपल्या शेजारी भूतान, मालदीव 2017 मध्येच गोवरमुक्त झाले, श्रीलंका 2019 मध्ये. आपल्या आग्नेय आशिया भागाची गोवर हटवायची मुदत मात्र आधी 2020, मग 2023, आता 2026. 95 टक्के मुलांना दोन्ही डोस पोचले पाहिजेत, तेही प्रत्येक वस्तीत. सरासरी चांगली असून एका गल्लीत दहा मुलं सुटली, तर गोवर तीच गल्ली शोधतो.

खारीबटर
लसीच्या नोंदणीच्या यू-विन ॲपवर ओटीपी येत नाहीये कुणाला?

ओवीची_आई
झालं! तुम्ही सांगितलं तसं पहिलंच वाक्य शेजारच्या मुलाचं बोलले, डॉक्टरांनी लगेच आत बोलावलं. ओवीला उजव्या दंडावर दिली, दोन मिनिटं रडली. दुपारी आशाताई आणि सिस्टर चाळीत आल्या, खोल्याखोल्यांतून ताप-पुरळ विचारत फिरल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन मुलांचा एकही डोस झालेला नव्हता. नमुना नेलाय, निकाल यायचाय.

चौकातली_नर्स
कार्डावर काय लिहिलंय? ते बघून घ्या, नाहीतर 9 महिन्यांना कुणी "झालाय की डोस" म्हणेल.

ओवीची_आई
नुसती तारीख टाकलीय. उद्या परत जाते.

सुधाआज्जी
बाळाला दृष्ट काढा हो.