बिटमॅपमधले रंग बदलायचेत, कोड फार स्लो आणि कडा लालच राहतात

पिक्सेलप्रेमी: एका आयकॉन शीटमधल्या सगळ्या रंगांची लिस्ट काढून लाल छटांच्या जागी निळ्या टाकायच्यात. पायथन आणि पिलो (त्याची इमेज लायब्ररी) वापरतोय, दोन फॉर लूप आणि आत गेटपिक्सेल-पुटपिक्सेल, म्हणजे एकेक पिक्सेल वाचून परत लिहायचा. इमेज ४००० बाय ३००० आहे, चहा पिऊन आलं तरी संपत नाही. वर, डोळ्याला १०-१२च रंग दिसतात पण लिस्टमध्ये हजारो येतात, आणि बदलल्यावर प्रत्येक आकाराभोवती लालसर रेघ उरते. कुठे चुकतंय?

शून्यएक: फाइल जेपेग आहे का? असेल तर तिथेच विषय संपला, त्या कॉम्प्रेशनमध्ये एका सपाट रंगाच्या शंभर छटा होतात. मूळ पीएनजी मिळव.

पिक्सेलप्रेमी: नाही हो, पीएनजीच आहे, थेट डिझायनरकडून आलेली.

रात्रपाळी: मग अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा मऊ दिसाव्यात म्हणून केलेली रंगांची सरमिसळ. कडेचे पिक्सेल लाल आणि पांढऱ्याचं मिश्रण असतात, तू नेमका २५५,०,० (शुद्ध लाल) शोधतोस म्हणून ते सुटतात.

आधी स्पीडचं बघू. १ कोटी २० लाख पिक्सेल आहेत, एकेकासाठी फंक्शन कॉल केलास तर वेळ लागणारच. इमेज नमपायमध्ये (पायथनची आकड्यांच्या ॲरेची लायब्ररी) घे, लाल-हिरवा-निळा हे तिन्ही चॅनेल आधी यूइंट३२, म्हणजे ३२ बिटचे आकडे करून (हे विसरू नको, ८ बिटमध्येच शिफ्ट केलंस तर वरचे बिट उडतात) एका आकड्यात बसव, लाल १६ बिट डावीकडे, हिरवा ८, निळा तसाच. मग त्यावर नमपायचं युनिक फंक्शन चालव, रिटर्न-इन्व्हर्स ट्रू ठेवून. तुला वेगळ्या रंगांची यादी मिळते आणि कुठला पिक्सेल यादीत कितवा तेही. आता फक्त यादी बदलायची आणि त्या इंडेक्सने इमेज परत उभी करायची, पिक्सेलना हातच लावायचा नाही. अजून एक फायदा म्हणजे लालचा निळा आणि निळ्याचा हिरवा असं दोन्ही करायचं असेल तर एकामागून एक रिप्लेस केल्यावर लालही शेवटी हिरवा होतो, इथे जुन्या यादीवरून नवी बनते म्हणून ती भानगडच नाही.

शून्यएक: आणि जवळचा रंग शोधायला वजाबाकी करशील तर यूइंट८ (८ बिट, ० ते २५५) मध्ये नको, ५० वजा २०० चं उत्तर १०६ येतं आणि एररही येत नाही.

रात्रपाळी: कडांसाठी अंतर-बिंतर कशाला, यादीतले रंग एचएसव्हीमध्ये (ह्यू म्हणजे मूळ रंग, सॅच्युरेशन म्हणजे गडदफिकेपणा नव्हे तर रंगाची तीव्रता, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा) नेऊन फक्त ह्यू फिरव. गुलाबीचा ह्यू लालचाच असतो, सॅच्युरेशन कमी एवढंच, त्यामुळे त्याचा आपोआप फिकट निळा होतो. ओपनसीव्ही या दुसऱ्या इमेज लायब्ररीमध्ये ह्यू ० ते १७९ असतो आणि लाल दोन्ही टोकांना पसरलेला, दोन्ही रेंज घे. करडे रंग सॅच्युरेशन बघून वगळ. आणि ओपनसीव्हीने इमेज उघडलीस तर क्रम बीजीआर (निळा-हिरवा-लाल) येतो, त्याप्रमाणे शिफ्ट बदल.

पिक्सेलप्रेमी: यादीवाली आयडिया भारी चालली, काही सेकंदांत काम झालं. रेघ पण गेली. फक्त तपकिरी बॉर्डर पण निळी झाली राव.

रात्रपाळी: तपकिरी म्हणजे गडद नारिंगीच की, ह्यू लालच्या शेजारी. रेंज अजून आवळ, नाहीतर व्हॅल्यूवर पण अट टाक.