पेन्शनचा प्रश्न फक्त सरकारी बाबूंचा?

'जुनी पेन्शन (शेवटच्या पगाराच्या निम्मी, हमीची) मागणारे सरकारी नोकर, भुर्दंड बाकीच्यांना' असं काहीजण म्हणतात, पण ते अर्धवट आहे. ईपीएस-९५ म्हणजे कारखाने-कंपन्यांतल्या कामगारांची पीएफशी जोडलेली पेन्शन योजना; तिचे पेन्शनर कुठे सरकारी नोकर आहेत? त्यांची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवरच आहे, आणि महागाई भत्ता नाहीच.

माझे वडील साखर कारखान्यात ३० वर्षं राबले, २००९ ला निवृत्त झाले. पासबुकात तेव्हापासून दरमहा तोच आकडा, १,६८०. बीपी-शुगरच्या गोळ्यांतच निम्मे जातात. हयातीच्या दाखल्याला गेलो तर झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेईना, तीन हेलपाटे झाले. किमान ७,५०० आणि महागाई भत्ता ही या पेन्शनरांची मागणी मला रास्तच वाटते. जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये केलेल्या संपाला माझा पाठिंबा होता, या ईपीएस-९५ पेन्शनरांनाही आहे.