नमुन्याच्या नावाखाली फुकट लिखाण: किती दिवस?

बोरूबहाद्दर:
परवा इथे लिखाणाची कामं देणाऱ्या एका एजन्सीवाल्याने उपदेश केला, 'नवख्या लेखकांनी आमच्या विषयावर एखादा नमुना फुकट लिहून द्यायला लाजू नये.' वाचून डोकंच फिरलं. आधी छापलेलं दाखवायला माझी ना नाही. पण तुमच्याच ग्राहकासाठी, तुम्ही दिलेल्या विषयावर ८०० शब्द? याला काम म्हणतात. दहा जणांकडून दहा नमुने घेतले की साइट भरली! हळदीच्या निर्यातीवरचा माझा 'नमुना' एकांनी नापसंत केला आणि पुढच्याच महिन्यात मथळा बदलून लावला. आता फोन उचलत नाहीत.

कडक_चहा:
तो एजन्सीवाला मीच. जुने लेख बघून काम द्यायचे दिवस गेले हो. निम्मे संपादकाने धुऊन काढलेले असतात, उरलेले यंत्राने लिहिलेले. असेच झकास लेख बघून एकाला पीक विम्याचं पान दिलं. एक रुपयावाली योजना यायच्या आधीची गोष्ट. पठ्ठ्याने खरिपाचा २ टक्के आणि रब्बीचा दीड टक्के हप्ता उलटापालटा केला. ग्राहकाच्या शिव्या कुणी खाल्ल्या? मी.

अर्धविराम:
मग २००-३०० शब्दांची चाचणी घ्या की. अनुवादात तेवढी चालते. आणि सगळ्यांना एकच जुना उतारा द्या, म्हणजे चोरीचा संशयच नको. बोरू, कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ आणि १९ वाचा. नोकरीत नसताना लिहिलेल्याचा पहिला मालक लेखकच. सहीनिशी लेखी दिल्याशिवाय हक्क जात नाहीत. नोटीस पाठवा.

बोरूबहाद्दर:
वकिलाची फी लेखाच्या चौपट. तुम्ही भरता?

दर्यावर्दी:
नमुन्याचं काय घेऊन बसलात! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेलं. अजून मानधन विचारलं की 'अंक पोस्टाने पाठवतो'. तोही येतोच असं नाही. सराफांच्या रंगीत पानभर जाहिराती मात्र जोरात.

मी_संपादक:
तोंड सांभाळून. कागदाचे भाव माहीत आहेत? विक्रेत्याचं कमिशन? जाहिरातीचे पैसे होळीपर्यंत येतात, तेही आले तर. पदरमोड करून अंक काढतो. आणि दर्यावर्दी, तुमची कथा कुणी मागितली नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे आडवे फोटो आले होते.

दर्यावर्दी:
छापखान्याला सांगून बघा 'पदरमोड करतोय, फुकट छापा'. कागदवाल्याला रोख, बाइंडरला रोख, आणि लेखक तेवढा घरचा!

मी_संपादक:
नाव छापून येतं ते फुकटच येतं का?

दर्यावर्दी:
मागच्या वर्षी तेही चुकीचं छापलंत.

सावली_बारामती:
मूळ विषयावर येऊ का? मला पहिलं काम फुकट नमुन्यानेच मिळालं. ना ओळख, ना वशिला. एका दवाखान्यासाठी मधुमेहाच्या आहारावर पानभर लिहून पाठवलं, आजही दर महिन्याला काम येतं. पुण्यात बसून तत्त्वं सांगणं सोपं आहे.

बोरूबहाद्दर:
ताई, अभिनंदन. तुम्ही फुकट देता म्हणूनच आम्हाला शब्दाला ५० पैसे ऐकावे लागतात.

सावली_बारामती:
दर मी पाडले? मुलं झोपल्यावर रात्री लिहिते मी, घर त्यावर चालतं. तुमच्या हळदीच्या लेखाचं खापर माझ्यावर नको. आणि आता मीही फुकट देत नाही, पण नवख्या पोरींना 'देऊ नका' म्हणून दरडावणारही नाही.

कडक_चहा:
बरं बाबा. यापुढे नमुन्याचे ५०० रुपये देतो, पसंत पडो न पडो. टीडीएस कापून! झालं समाधान?

अर्धविराम:
५०० वर टीडीएस? कुठल्या कायद्याने?

बोरूबहाद्दर:
आधी देऊ तर देत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

दर्यावर्दी:
संपादकसाहेब, यंदाची कथा परत घेतोय. मानधन ठरल्याशिवाय छापायची नाही.

मी_संपादक:
तुमच्या कथेची पानं कालच छापून झाली.