सौर उद्रेक कोण ठरवतं: आतला पीळ की वरचं झाकण?

खगोलखोर:
मोठी सौरज्वाला झाली की सगळे सूर्यावरच्या डागांवरच्या चुंबकीय दोराला (एकमेकींभोवती गुंडाळलेल्या क्षेत्ररेषांच्या जुडग्याला) किती पीळ बसलाय तेवढंच बघतात. ऊर्जा पिळात साठते, कबूल. पण दोर सुटणार का, हे त्यावर कमानीसारखं पसरलेलं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे वरचं झाकण, ठरवतं. ऑक्टोबर २०१४ चा १२१९२ क्रमांकाचा डागसमूह घ्या, त्या सौरचक्रातला सर्वांत मोठा. एक्स या सर्वांत तीव्र वर्गाच्या सहा ज्वाला, आणि एकीनेही कोरोनातलं, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातलं, द्रव्य बाहेर भिरकावलं नाही! वरचं क्षेत्र उंचीच्या साधारण दीड घातापेक्षा झपाट्याने विरळ झालं तरच दोर उसळतो, असं क्लीम आणि टोरोक यांनी २००६ मध्ये दाखवलं. इथे ते तेवढ्या झपाट्याने विरत नव्हतं.

शंकासूर:
दीड म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. तो आकडा बारीक कड्यासारख्या प्रवाहाचा. सूर्यावर दोराची दोन्ही टोकं खाली रोवलेली असतात. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) असे दोर तयार केले होते (निकाल २०१५ चे). दीडच्या निकषाप्रमाणे सुटायलाच हवे होते असे काही दोर उसळले आणि परत खाली बसले. त्यांना पीळ कमी होता, अक्षाच्या दिशेचं क्षेत्र जोरकस होतं, त्याच्याच ताणाने ते खेचले गेले. आला की नाही पीळ परत? शिवाय कोरोनातलं क्षेत्र बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या मोजमापांवरून गणिताने काढलेलं असतं. त्यावर एवढा विश्वास?

प्लाझ्माप्रेमी:
सुटण्यावरून भांडताय, पण ऊर्जा मोकळी कशी होते ते कोणीच बोलत नाही. मोठ्या ज्वालेत १०^२५ ज्यूलपर्यंत ऊर्जा काही मिनिटं-तासांत बाहेर पडते. नुसत्या विद्युतरोधावर सोडलं तर लाखो वर्षं लागतील. क्षेत्ररेषा पातळ प्रवाहपटलात, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या पातळ थरात, तुटून नव्याने जोडल्या जातात म्हणून हे जमतं. आणि अँटिओकोस यांच्या १९९९ च्या प्रारूपात ही पुनर्जोडणी झाकणच कापते. तेव्हा झाकण कायमचं धरून हिशेब मांडू नका.

खगोलखोर:
त्यासाठी वर शून्यबिंदू, म्हणजे क्षेत्र शून्य होतं अशी जागा, लागतो. साध्या द्विध्रुवी (एक उत्तर, एक दक्षिण ध्रुव असलेल्या) समूहात तो नसतोच, मग कापणार काय?

प्लाझ्माप्रेमी:
खालून कापा. दोराला बांधून ठेवणाऱ्या रेषा खालीच जोडल्या गेल्या की तो मोकळा होतो.

शंकासूर:
मग आधी दोर चढायला लागतो की आधी खाली चमक दिसते? नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक उपग्रहाची चित्रं दर १२ सेकंदांनी येतात. एक घटना निवडा, क्रम लावून दाखवा, मग बोलू.