ऑनलाइन ग्रुपमधल्या मित्रमैत्रिणींना लग्नाला बोलवायचंय, पत्रिकेवर नाव काय घालू?

घुबडताई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हसाल तुम्ही, पण मी खरंच अडकलेय.

फेब्रुवारीत माझं लग्न आहे, नाशिकलाच, आडगावच्या बाजूला लॉन्स घेतलंय. पत्रिका छापून आल्या, पहिली वणीला देवीपुढे ठेवून झाली, दुसरी रविवार कारंज्याच्या गणपतीला, आणि आता आई वही घेऊन बसलीये, नावं सांग म्हणते. ऑफिसची झाली, कॉलेजची झाली. मग मी म्हटलं आमच्या ग्रुपचे सात जण. कुठला गं ग्रुप? तोच, गुरुवारचा, वाचनाचा. बरं, सांग नावं. आणि मी गप्प.

कारण मला नावं माहीतच नाहीत. म्हणजे माहितीयत, पण ती अशी आहेत: ड्रॅगनकाका, राखाडी, तेल्या, अर्धाचंद्र, मावशी_क्रमांक_दोन (क्रमांक एक कोण ते आजवर कुणालाच कळलं नाही), भुईनळा आणि प्रूफरीडर.

२०१९ पासून आम्ही दर गुरुवारी रात्री साडेनऊला 'व्हील ऑफ टाइम' ही इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांची मालिका वाचतो, आठवड्याला दोन प्रकरणं, मग चर्चा, मग भांडण, मग कुणाच्या घरी आज काय भाजी होती ते. आधी टेलिग्रामवर होतो, लॉकडाऊनमध्ये डिस्कॉर्डवर गेलो. चौदा जाडजूड भाग आहेत, आता अकरावा चालू आहे. एवढ्यात तेल्याच्या वडिलांची बायपास झाली, अर्धाचंद्र नर्स होऊन आयर्लंडला गेली, माझी एक नोकरी गेली दुसरी लागली, सगळं त्या ग्रुपवर. माझं स्थळ जमल्यावर सगळ्यात आधी तिथे सांगितलं, मग मामाला. गेल्या महिन्यात त्यांनी माझं केळवण केलं, कॉलवर. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक पदार्थ केला आणि ताट कॅमेऱ्यासमोर धरलं, मी इकडे आईच्या हातचा वरणभात खात बसले होते आणि समोर सहा ताटं. (सातवं राखाडीचं, तिने फक्त फोटो टाकला. ती कधीच कॅमेरा लावत नाही, माइकही नाही. सहा वर्षांत मी तिचा आवाज ऐकलेला नाही.)

यातल्या ड्रॅगनकाकांनाच मी प्रत्यक्ष भेटलेय. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला साहित्य संमेलन झालं तेव्हा. अध्यक्ष जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारा माणूस अध्यक्ष म्हणजे आपल्याच गल्लीतला असं म्हणून आम्ही जायचं ठरवलं, तर तब्येतीमुळे उद्घाटनाला ते स्वतः येऊ शकले नाहीत. मग पुस्तकांच्या स्टॉलपाशी काका भेटले, नाशिक रोडला राहतात, रिटायर्ड. खूण ठरली होती हातात तिसरा भाग. ते पुस्तक उलटं धरून उभे होते.

तर प्रश्न तीन. एक, पत्रिकेवर काय लिहू? दोन, आईला काय सांगू? तिचा पहिला प्रश्न "कुणाच्यातले आहेत" हा होता आणि याचं उत्तर मला माहीत नाही, आणि खरं सांगू का, सहा वर्षं माहीत नव्हतं हेच मला आवडत होतं. आता नावं मागितली की आडनावं येणार आणि आडनावं आली की आई वहीत पुढे काहीतरी मनात लिहिणार. तीन, राखाडीला कसं बोलवू?

खमंग_चिवडा

सरळ 'श्री. ड्रॅगनकाका, सहकुटुंब सहपरिवार' असं लिही आणि पाठव, पोस्टमन काय अडवतोय, पत्ता बरोबर असला म्हणजे झालं. बाकी उलटं पुस्तक वाचून फुटलो.

सिडकोवाली_सून

अगं आईचा खरा प्रश्न जात नाहीये (आहे, पण पहिला नाही). पहिला प्रश्न हा की पोरगी इंटरनेटवरच्या लोकांना मांडवात आणतेय, ते कसले असतील, सासरचे काय म्हणतील. माझ्या वेळी माझ्या विणकामाच्या ग्रुपवरून असंच झालं होतं. तेव्हा काकांना आधी घरी चहाला बोलव. रिटायर्ड माणूस, नाशिक रोडचा, चप्पल दारात नीट काढून आत येईल आणि बाबांशी गुडघेदुखीवर बोलेल, मग बाकीचे सहा आपोआप 'काकांच्या ओळखीतले' होतात. मी स्वतः केलंय हे.

आणि बाहेरून येणाऱ्यांचं आधी बघ. स्टेशन नाशिक रोडला, गाव तिथून आठ-दहा किलोमीटर, आडगाव अजून पुढे, रात्री हळदीनंतर रिक्षावाला काय सांगेल तो भाव. मुंबईचे म्हणतात लोकल कुठून पकडायची. लोकल नाहीये हे त्यांना आधीच लिहून पाठव. लॉन्सजवळ खोल्या बघ, लग्नसराईत शनिवार-रविवारी शेवटच्या क्षणी काही मिळत नाही.

बिनपंखी

मी जरा वेगळं बोलणार, राग मानू नका. मी अशा लग्नाला *पाहुणा म्हणून* गेलोय. आमचाही असाच ग्रुप, असलीच पुस्तकं, मैत्रिणीचं लग्न, मी सातशे किलोमीटरवरून आलो. ती स्टेजवर. मी खाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, तिसऱ्या रांगेत. शेजारच्या काकूंनी विचारलं तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे, मी म्हटलं मुलीकडचा, मग विचारलं कोण लागता, आणि आता काय सांगू, आम्ही दोघांनी मिळून एका काल्पनिक राज्याचा दोनशे वर्षांचा इतिहास लिहून काढलाय हे? म्हटलं ऑफिसमधला. अडीच तास ऑफिसमधला होऊन बसलो. फोटोला स्टेजवर गेलो तर तिने नवऱ्याला ओळख करून दिली, फोटोग्राफर म्हणाला दादा थोडं डावीकडे, आणि संपलं. जेवून रात्रीच्या बसने परत.

मैत्री आहे अजून, तसं काही नाही. पण आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. त्यामुळे बोलवायचंच असेल तर सातही जणांना एकत्र बोलव, एकेकट्याला नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा एक तास त्यांच्यासाठी काढ. पूजेच्या आधी मिसळ खायला जा नवऱ्याला घेऊन. नाशिकात तेवढं जमेलच.

जुना_वाचक_५९

तुम्ही अकराव्या भागावर आहात म्हणून कथेतलं काही सांगत नाही, निर्धास्त वाचा. फक्त बाहेरचं सांगतो. रॉबर्ट जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला हा शेवटचा भाग, २००५ चा. २००७ मध्ये तो गेला. आजारपणात त्याने पुढच्या कथेची टिपणं करून ठेवली होती, त्यावरून ब्रँडन सँडरसनने शेवट लिहिला, एका भागात होईल म्हणता म्हणता तीन झाले आणि शेवटचा आला जानेवारी २०१३ मध्ये. तुम्हाला पुढचा भाग आज रात्री डाउनलोड करता येतो. आम्ही थांबायचो. लेखक गेला तेव्हा आता हे अर्धंच राहणार असं धरून चाललो होतो.

माझं वेड तसं आधीचं, वाचनालयातली नाथमाधवांची 'वीरधवल' पांघरुणात वाचून आईचा मार खाल्लेला माणूस मी. पण माणसं भेटली ती या मालिकेमुळे. आम्ही पाच-सहा जण होतो, ईमेलवर. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून लिहायचो त्यामुळे फालतू बोलणं कमी. (खोटं. फालतूच जास्त होतं.) त्यातला एक 'लोहार' नावाने लिहायचा, फार तल्लख, कोण कुणाचा कोण ते सगळं वंशावळीसकट पाठ. २०१० च्या पावसाळ्यात त्याच्या मेल बंद झाल्या. आम्हाला वाटलं रुसला, कारण आधीच्या आठवड्यात माझं त्याचं वाजलं होतं. मी पण ताठ, नाही लिहिलं. चार महिन्यांनी त्याच्याच आयडीवरून मेल आली, त्याच्या बहिणीची, इंग्रजीत, दोन ओळी. खाली त्याचं नाव होतं. पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

पत्रिकेवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाचा नंबर घेऊन ठेवा.

खमंग_चिवडा

काका, वरची माझी कमेंट आता फारच थिल्लर वाटायला लागली. असो, राहू दे.

घुबडताई

सगळ्यांना थँक्यू, एकेक सांगते.

सूनबाईंचा चहा चालला! काका आले, येताना चिवडा घेऊन आले, बाबांशी दीड तास बोलले आणि त्यात पुस्तकाचं नाव एकदाही निघालं नाही. ते गेल्यावर आई म्हणाली, चांगले आहेत गं, मला वाटलं केसबिस वाढवलेले असतील. आता ती स्वतःच विचारते तुझा तो तेल्या कधी येणार, उतरायचं कुठे त्याने.

बिनपंखी, तुमचं मी ग्रुपवर वाचून दाखवलं. सगळे गप्प झाले होते थोडा वेळ. आता ठरलंय, सात खुर्च्या एकत्र, माझी आतेबहीण त्यांच्यासोबत बसणार, कुणी विचारलं कोण लागता तर सांगायचं 'गुरुवारचे'. काय विचारतील ते विचारोत.

नावं मी ग्रुपवर मागितलीच नाहीत. म्हटलं ज्याला जे पत्रिकेवर हवं ते त्याने मला वेगळं पाठवा. चौघांनी खरी पाठवली, प्रूफरीडरने खरं नाव पाठवून खाली शुद्धलेखनाची सूचना पण दिली, भुईनळा म्हणे भुईनळाच. घरच्यांचे नंबर मात्र सगळ्यांकडून घेतले, जुना वाचक.

राहिली राखाडी. तिला लिहिलं, तीन दिवस काही नाही. तिचं असंच असतं, दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की गायब, परीक्षा असतील असं आम्ही धरून चाललो होतो, अर्धाचंद्रला तर वाटायचं ती आमच्यावर चिडते. चौथ्या दिवशी रात्री मेसेज. आमच्याकडे पुढचं काही फोडायचं असलं की वाक्याच्या दोन्हीकडे दोन-दोन उभ्या रेघा द्यायच्या, मग वर काळी पट्टी येते आणि दाबलं तरच खालचं दिसतं. तिने लिहिलं होतं: 'सावधान, पुढचा भाग फुटेल.' आणि खाली चार ओळींची काळी पट्टी. दाबली तर पत्ता.

पिंपळगाव बसवंत!! माझ्या घरापासून गाडीने तास पण नाही. मी सहा वर्षं तिला विदर्भात कुठेतरी बसवलं होतं. खाली लिहिलेलं, 'बाग आहे, माल काढणीला आलाय, व्यापारी कधी गाडी लावेल सांगता येत नाही, त्यामुळे लग्नाचं नक्की सांगत नाही. आणि घरात आठ माणसं, साडेनऊला मी भांडी घासत असते, एका कानात इअरफोन, म्हणून बोलता येत नाही.'

सिडकोवाली_सून

अगोबाई. म्हणजे गायब व्हायची ती द्राक्षाचा हंगाम म्हणून! आणि तुम्ही म्हणे परीक्षा. मग पत्रिका पोस्टाने नको पाठवूस, हातात नेऊन दे.

बिनपंखी

+१. आणि हंगामात दुपारी जा, सकाळी क्रेट भरायची धावपळ असते. माझं आजोळ निफाडचं.

घुबडताई

जाऊन आले काल. काकांच्या गाडीने, ओझर ओलांडल्यावर मला एकदम वाटलं परत फिरू या, काय बोलणार आपण. काका म्हणाले पुस्तक आणलंय का, उलटं धरायला.

बागेच्या तोंडाशी शेड आहे, तिथे सात-आठ बाया घड साफ करत होत्या, कात्रीने एकेक खराब मणी काढायचा आणि घड क्रेटमध्ये ठेवायचा. मी नुसती बघत उभी, यातली कोण. मग कोपऱ्यातली एक जण कात्री खाली न ठेवताच म्हणाली, "घुबडे, उन्हात काय उभी राहिलीस."

हाच आवाज. मी मनात बारीक, हळू असा काहीतरी धरला होता. हा चांगला खणखणीत, शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

पत्रिका दिली. तिने हात साडीला पुसून घेतली, पाकिटावर मी 'सौ. राखाडी' लिहिलेलं ते वाचलं आणि हसत सुटली, शेजारचीला दाखवलं नाही, ब्लाउजमध्ये खोचली. पाऊण तास बसलो. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी आतून तिला हाक मारली, नावाने. तर नाव कळलं मला. इथे लिहीत नाही, ग्रुपवर पण सांगितलं नाही.

निघताना पाच किलोची पेटी दिली. लग्नाचं म्हणाली गाडी नाही लागली तर येते, लागली तर नाही, आणि नाही आले तर गुरुवारी आहेच. मग काकांना विचारलं, तुम्ही पुढचं सगळं वाचलंय ना, तो एक डोळा असलेला माणूस वाचतो का शेवटी? काका काही बोलले नाहीत, दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी हवेत रेघा मारल्या आणि गाडीत बसले.

जुना_वाचक_५९

बरोबर केलं त्यांनी.