अनुभव धागा : नागपुरात मण्यांच्या दागिन्यांचा घरगुती व्यवसाय

मण्यांचे दागिने घडवून विकण्याचा विचार आपल्यापैकी अनेकींच्या मनात येतो, कारण त्याला मोठी जागा लागत नाही, यंत्र लागत नाही आणि घरची कामे सांभाळून हात चालवता येतो. प्रत्यक्ष सुरुवात करताना मात्र माल कुठून आणावा, तो पारखावा कसा, भाव काय लावावा आणि विकलेली वस्तू तुटून परत आली तर काय करावे, असे प्रश्न समोर येतात, आणि त्यांची उत्तरे शिकवणीच्या वर्गात सहसा मिळत नाहीत. मणी ओवता येणे आणि ओवलेली माळ रोजच्या वापरात टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते टिकलेल्या माळेमुळे, हे मी गोकुळपेठेतल्या माझ्या छोट्या कामात सतत पाहत आले आहे. म्हणून नागपूर आणि आसपासच्या सर्वांना विनंती अशी की, यशाची गोष्ट थोडक्यात सांगावी आणि कामाची गोष्ट सविस्तर : कोणता दोरा, कोणता हूक, कोणता भाव, कोणता हंगाम. व्यक्तींची आणि दुकानांची नावे कृपया टाळावीत, लिहिणाऱ्याने वर फक्त आपल्या भागाचे नाव द्यावे.

महाल

आमच्या घरी गाठवणीचे काम होते. वडील इतवारीच्या सराफ्यात एका ओट्यावर बसायचे आणि सोनाराकडून आलेले सोन्याचे मणी, मोती आणि काळी पोत रेशमात गाठवून द्यायचे. रेशमाचे पदर ते पायाच्या अंगठ्याला अडकवायचे, गुडघा किंचित पुढेमागे करून ताण राखायचे आणि मोकळ्या राहिलेल्या दोन्ही हातांनी पीळ, गाठ आणि गोंडा करायचे. गिऱ्हाइकासमोर मणी मोजून घ्यायचे आणि गाठवून झाल्यावर त्याच्यासमोरच पुन्हा मोजून द्यायचे. सोने असो वा काच, ही सवय मी आजही सोडलेली नाही. कोणी जुनी माळ नव्याने गाठवायला दिली, तर मण्यांची संख्या कागदावर लिहून, सही घेऊन मगच ती कापतो.

नव्याने काम करणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगेन ती दोऱ्याची. साधा तंगूस (नायलॉनचा एकपदरी दोरा) स्वस्त असतो आणि सुईशिवाय ओवता येतो, म्हणून सगळे त्यावर सुरुवात करतात. परंतु पैलू पाडलेल्या स्फटिकांच्या आणि काचेच्या नळीमण्यांच्या भोकाची कड धारदार असते, आणि अंगावरच्या हालचालीने ती तंगूस हळूहळू कापत जाते. अशा जड, धारेच्या मण्यांसाठी गिअर वायर (प्लास्टिकचा थर दिलेली बारीक पोलादी तार) घ्यावी आणि तिची टोके क्रिंप मण्याने, म्हणजे दाबून तार पकडून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक मण्याने, पक्की करावीत. क्रिंप साध्या पकडीने चेपला तर तो चपटा होऊन त्याची कड तारेवर येते, म्हणून क्रिंपची वेगळी पक्कड घेणे परवडते. मोत्यांना मात्र आजही रेशीमच शोभते, आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ हवी. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटलीच तर एखादाच मोती निसटतो, सगळी माळ जमिनीवर सांडत नाही.

गाठीवर झटपट चिकटणारा गोंद टाकण्याची पद्धत फार पसरली आहे. तो गोंद वाळला की दोरा त्या जागी काचेसारखा कडक होतो आणि गाठीच्या अगदी शेजारी तुटतो. दुरुस्तीला आलेल्या माळा मी भिंगाखाली पाहतो, तेव्हा तुटलेली जागा बहुधा तीच असते. गाठ नीट मारली असेल तर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब तिला पुरतो. इलॅस्टिकच्या ब्रेसलेटसाठी दोरी ओवण्याआधी दोन-चारदा ओढून सैल करून घ्यावी, नाहीतर ती नंतर अंगावर ढिली पडते आणि मण्यांच्या मध्ये दोरी दिसू लागते.

प्रतापनगर

मी किमतीबद्दल लिहिते, कारण यावर मोकळेपणाने कोणी बोलत नाही. मी बारीक मण्यांची विणीची कानातली करते. एका जोडीला मणी, दोरा आणि हूक धरून साधारण 45 रुपयांचा माल लागतो आणि दोन तास जातात. माझ्या तासाला मी 80 रुपये धरते, म्हणजे 160 रुपये झाले. पुठ्ठ्याचे कार्ड, पाकीट आणि डबी मिळून 15 रुपये. एकूण 220 रुपये. आता हीच जोडी धरमपेठेतल्या एखाद्या दुकानात विक्रीला ठेवली आणि दुकानदाराने 30 टक्के घेतले, तर माझ्या हाती 220 यायला पाटीवर किमान 315 रुपये लिहावे लागतात. म्हणून घरून घेणाऱ्यालाही मी 320 रुपयेच सांगते. घरी एक भाव आणि दुकानात दुसरा असला की दुकानदार दुखावतो, आणि ज्या मैत्रिणीने दुकानातून घेतले तिलाही वाईट वाटते.

“ताई, एवढ्याशा मण्यांचे तीनशे वीस?” हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. त्यावर मी वाद घालत नाही. अर्धवट विणलेली एक जोडी सुईसकट टेबलावर ठेवलेली असते, ती विचारणाऱ्या काकूंच्या हाती देते आणि पुढचे दोन मणी ओवून बघायला सांगते. मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो आणि सुई त्याच भोकातून पुन्हा न्यायची असते. बऱ्याच जणी ते करून पाहिल्यावर घासाघीस सोडतात. ज्या तरीही घेत नाहीत, त्यांच्यासाठी मी 90 ते 120 रुपयांत बसणारी, मोठ्या मण्यांची आणि झटपट होणारी साधी कानातली ठेवते. भाव कमी करायचा असेल तर काम कमी करावे. त्याच कामाचे पैसे कमी घेऊ नयेत, कारण एकदा घेतले की शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही ते कमी करावे लागतात.

एक गोष्ट राहिली. फुटलेले, वाकड्या भोकाचे आणि जाडीला कमीजास्त असलेले मणी निवडून बाजूला काढावे लागतात. सुट्या स्वस्त पाकिटात ते पुष्कळ निघतात, तर जपानी मणी बरेच महाग असले तरी एकसारखे असतात. विणीच्या कामाला मला जपानीच परवडतात, कारण निवडण्याचा वेळ वाचतो आणि वीण सरळ येते. नुसत्या सरात ओवायचे असतील तर मात्र इतवारीतले साधे मणी उत्तम चालतात.

मानेवाडा

माझा व्यवसाय महालक्ष्म्यांच्या दागिन्यांवर उभा आहे. आपल्या विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा घरोघरी उभ्या राहतात आणि त्यांना नटवण्यात घरातल्या बायका कसूर ठेवत नाहीत. मोत्यांची ठुशी, चिंचपेटी, लांब सर, बाजूबंद, कंबरपट्टा आणि मुखवट्याची नथ, असा संच मी करून देते.

माणसाच्या गळ्याचे माप इथे चालत नाही. सांगाड्याचा गळा कुठे नुसत्या नळीएवढा असतो, तर कुठे मुखवटा बसवायला कापड गुंडाळून जाड केलेला असतो, शिवाय खांद्यावर साडीच्या निऱ्यांचा थर येतो. म्हणून मी मुखवटा बसवलेला आणि साडी नेसवलेला गेल्या वर्षीचा फोटो मागवते, दोऱ्याने गळ्याचा घेर मोजून कळवायला सांगते आणि प्रत्येक हाराला मागे सरकणारा गोंडा लावते, म्हणजे दोन-तीन इंचांची सोय राहते. नथीसाठी नाकाला भोक आहे की नाही हे आधी विचारावे. जुन्या पितळी मुखवट्यांना पुष्कळदा ते नसते, तेव्हा नथ दाबाची करावी लागते.

दोघींचे दागिने एकसारखे हवेत, ही त्यातली सर्वात कठीण अट आहे. आज आणलेल्या लडीचा मोतिया रंग आणि पंधरा दिवसांनी आणलेल्या लडीचा मोतिया रंग जवळजवळ कधीच जुळत नाहीत, आणि दोघी शेजारी उभ्या राहिल्या की तो फरक दारातूनच दिसतो. त्यामुळे एका संचाचे सगळे मणी एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून घ्यावेत आणि दुरुस्तीसाठी मूठभर जास्तीचे त्याच पिशवीत ठेवून पिशवीवर गिऱ्हाइकाचे नाव लिहावे.

श्रावणात मागणी सुरू होते. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या दिवशी इतवारी-महालाकडे माल आणायला जाणे शक्य नसते आणि तिथून गणपती अगदी जवळ आलेले असतात. पोळ्याच्या आदल्या आठवड्यानंतर मी नवे काम स्वीकारत नाही. महालक्ष्म्या अमुक दिवशी बसायच्या म्हणजे बसायच्याच, तिथे “उद्या देते” हे उत्तर नाही.

सदर

कानातले करणाऱ्यांनी हुकाच्या धातूकडे लक्ष द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मला स्वतःला निकेलची अ‍ॅलर्जी आहे. स्वस्त हुकांत आणि त्यांच्या मुलाम्याखाली निकेल बरेचदा असते, घामाने ते सुटते आणि कानाची पाळी खाजते, लाल होते, कधी पाणी सुटते. मणी कितीही सुंदर असले तरी ते कानातले पुन्हा घातले जात नाही. मी शल्यक्रियेच्या दर्जाच्या स्टीलचे किंवा चांदीचे हूक वापरते आणि जोडीमागे जो खर्च वाढतो तो किमतीत उघडपणे सांगते. नाजूक कानांच्या बायका त्यासाठी शोधत येतात. तसेच, तीन वर्षांखालील मुलांसाठी सुट्या बारीक मण्यांचे काहीही मी करत नाही. मणी निखळून घशात अडकू शकतो.

गोकुळपेठ (धागा काढणारी)

उन्हाळ्याचा विषय कोणी काढला नाही, म्हणून थोडे लिहिते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत ठेवलेले इलॅस्टिकचे ब्रेसलेट आणि गोंदाने चिकटवलेले खडे दोन्ही बिघडतात. घरात कूलर चालू असतो आणि त्याची ओलसर हवा थेट कामाच्या टेबलावर येते. पितळी मुलाम्याच्या जंप रिंगा (जोडणीच्या बारीक कड्या) आणि हूक तिथे उघडे राहिले तर काळवंडू लागतात. मी धातूचा सगळा माल झिपच्या पिशव्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, कूलरपासून लांबच्या कपाटात ठेवते.

हेच ऊन रंग तपासायला मात्र फार कामी येते. नव्या रंगाची लडी आणली की अर्धी गच्चीवर पांढऱ्या कापडावर आठवडाभर ठेवायची आणि अर्धी खणात. मग दोन्ही शेजारी धरून पाहायच्या. आतून किंवा वरून रंग लावलेले काही गुलाबी आणि जांभळे मणी इतके फिके पडतात की ते विकायला मन धजत नाही. चार-दोन मण्यांवर अत्तर आणि नेलपॉलिश काढायचे द्रावण कापसाने घासूनही पाहावे. कापसाला रंग लागला तर तो मणी मानेच्या घामातही टिकणार नाही.

वर्धा रोड

मी हिशेबाची कामे करते, म्हणून कागदपत्रांपुरते सांगते. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांपर्यंत असेल आणि विक्री महाराष्ट्रातच असेल, तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी घेतल्यास खोट्या दागिन्यांवर 3 टक्के कर लागतो. परराज्यात विकायचे ठरले की नियम बदलतात, तेव्हा आधी सल्ला घ्यावा. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, ती आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळापासून दूर राहावे. मुद्रा योजनेत शिशु गटाचे कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळते, पण मण्यांच्या कामाला पहिल्याच दिवशी कर्ज काढण्याची गरज मला दिसत नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना मिळणारे ‘पहचान’ ओळखपत्र मात्र जरूर काढावे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा आपल्याच गावात भरतो. तिथे एकदा नुसते फिरून देशभरच्या कारागिरांची मांडणी आणि भाव पाहून यावेत.

त्रिमूर्तीनगर

मला येत्या महिन्यात सुरुवात करायची आहे. हाताशी 5,000 रुपये आहेत आणि विणीची कानातली येतात. त्यात काय काय घ्यावे?

प्रतापनगर

ताई, साधनांना 900 रुपये ठेवा. त्यात तीन पकडी, बारीक सुया आणि मणी घरंगळू नयेत म्हणून लोकरी कापडाचा तुकडा येईल. मण्यांना 2,000, पण दहा रंगांऐवजी चारच रंग घ्या आणि ते भरपूर घ्या, म्हणजे एक जोडी आवडली तर तशीच दुसरी करून देता येते. काळा आणि मोतिया त्यात हवेतच. दोरा आणि गिअर वायर 500, चांगले हूक, क्रिंप आणि रिंगा 800, कार्ड आणि पाकिटे 300. उरलेले 500 रुपये खर्च करू नका. पहिल्या विक्रीनंतर जो रंग संपेल तो आणायला तेच लागतात. सदरच्या ताईंनी हुकांबद्दल लिहिले आहे ते इतवारीत जाण्याआधी पुन्हा वाचून घ्या, आणि दुकानात गेल्यावर सुटा हूक मागून एक दिवस स्वतःच्या कानात घालून पाहा.