इंग्रजी पत्रांतील नम्रता : नुसता साचा की दुसऱ्याच्या इच्छेचा मान?

चर्चाप्रस्ताव
इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी ७ फेब्रुवारी १७५५ रोजी लॉर्ड चेस्टरफील्ड यांना लिहिलेले पत्र नुकतेच पुन्हा वाचले. शब्दकोशाच्या कामात सात वर्षे मदतीचा हात न देता कोश निघण्याच्या बेतात असताना त्याची स्तुती छापणाऱ्या या उमरावाला जॉन्सन विचारतात की, पाण्यात जिवाच्या आकांताने हातपाय मारणाऱ्याकडे निर्विकारपणे पाहणारा आणि तो काठाला लागल्यावर मदतीची अडचण करणारा, त्यालाच आश्रयदाता म्हणायचे काय? एवढे सुनावून खाली सही मात्र ‘आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक’! जो समारोप अशा पत्रालाही चालतो, त्यात आदर उरलेला नसतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. समारोप हुद्द्यासाठी असतो. समोरच्याच्या इच्छेचा मान पाहायचा तर क्रियापद पाहावे. ‘प्लीज’ हा ‘इफ यू प्लीज’चा, म्हणजे ‘आपल्याला रुचत असेल तर’ याचा उरलेला तुकडा आहे. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ असे लिहिणारा आपली आजचीच विनंती भूतकाळात ढकलतो, जेणेकरून वाचणाऱ्याला संकोच न वाटता नाही म्हणता यावे. आपल्या ‘हरकत नसल्यास’मध्येही हीच मोकळीक आहे.

प्रस्तावकर्ता
ती मोकळीक खरी असती तर तक्रार नव्हती. माझ्या पूर्वीच्या कार्यालयात परदेशी वरिष्ठांनी ‘यू माइट वाँट टू लुक अ‍ॅट धिस’ असे लिहिले, मी ते ऐच्छिक समजून सोमवारवर टाकले आणि सोमवारी माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. सतराव्या शतकातील क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी मला अधिक प्रामाणिक वाटतात. वरिष्ठांनाही ते आदरार्थी ‘यू’ न म्हणता एकेरी ‘दी’ म्हणत, टोपी काढत नसत आणि त्यापायी तुरुंगातही गेले.

प्रतिसाद २
आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य. पण तो वरिष्ठांचा दोष आहे, भाषेचा नव्हे. क्वेकरांनी जपली ती समता, आणि समता म्हणजे समोरच्याची इच्छा विचारणे नव्हे. जॉन्सन यांच्याबाबत तर मला उलटेच वाटते. बॉझवेल यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे की, चेस्टरफील्ड यांनी ते पत्र मेजावर उघडे ठेवले होते आणि प्रकाशक डॉड्स्ली यांना त्यातले कठोर उतारे दाखवून किती उत्तम लिहिले आहे, असे त्यांनी सांगितले. उघड शिवीगाळ असती तर ते पत्र त्या मेजावर टिकले असते काय?